पोझ न देणाऱ्या वयासाठी कॅननची ५० एमएम एफ/१.८ एसटीएम: घरातल्या उजेडात कुठे कामाला येते, कुठे अडते

घरात बाळ आलं की काही महिन्यांतच कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५ एमएमची लेन्स (किट लेन्स) अपुरी वाटू लागते. दुकानात विचारलं तर "फिफ्टी घ्या" हेच उत्तर बहुतेक ठिकाणी मिळतं. कॅननच्या डीएसएलआरवाल्यांसाठी ही फिफ्टी म्हणजे ईएफ ५० एमएम एफ/१.८ एसटीएम. २०१५ साली आलेली, १६० ग्रॅम वजनाची आणि कॅननच्या सगळ्यात स्वस्त लेन्सांपैकी एक. सल्ला बरोबर आहे, पण अर्धाच. ही लेन्स उजेडाचा प्रश्न सोडवते आणि त्याच वेळी जागेचा प्रश्न उभा करते. शिवाय एफ/१.८ या ज्या आकड्यासाठी लोक ती घेतात, तो आकडा हलत्या मुलांसाठी फारच कमी वेळा वापरावा. (एफचा आकडा म्हणजे लेन्सचं भोक, ॲपर्चर, किती उघडं आहे ते: आकडा लहान तेवढा उजेड जास्त.)

हे परीक्षण फक्त एका कामापुरतं आहे: "इकडे बघ, हस" हे ज्यांना अजून कळत नाही, अशा जन्मापासून साधारण तीन वर्षांपर्यंतच्या मुलांचे घरातले फोटो. कॅमेरा म्हणून समोर १५००डी किंवा २००डी मार्क टू यांसारखी क्रॉप (फुल फ्रेमपेक्षा लहान) सेन्सरची बॉडी धरली आहे, कारण आपल्याकडे बहुतेक घरांत तीच असते.

उजेडाचा हिशोब

मोठ्या माणसाला क्षणभर थांब म्हणता येतं. बाळाला येत नाही, त्यामुळे शटर स्पीडमध्ये तडजोड चालत नाही. बाळाने हात हलवला आणि तो सेकंदाला एक मीटर या वेगाने गेला असं धरू. १/६० सेकंदाच्या शटरवर तो हात उघडझाप होईपर्यंत जवळजवळ पावणेदोन सेंटिमीटर सरकतो, म्हणजे फोटोत बोटं राहतच नाहीत. १/२५० वर हेच अंतर चार मिलिमीटर होतं आणि १/५०० वर दोन. म्हणून झोपलेल्या बाळाला १/१२५, बसून खेळणाऱ्याला १/२५० आणि दुडूदुडू धावणाऱ्याला १/५०० हे किमान धरावं. यापेक्षा खाली गेलात तर कितीही महाग लेन्स असली तरी फोटो हललेलाच येतो.

आता हा वेग मिळवायला उजेड लागतो. दिवसा मोठ्या खिडकीपासून तीन फुटांवर बाळ असेल, ऊन थेट आत येत नसेल, तर साधारण १/२५०, एफ/२.८, आयएसओ ८०० असं मोजमाप मिळतं. (आयएसओ म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता: ती वाढवली की फोटो उजळतो, पण दाणेदार होतो.) १८-५५ लेन्स ५० एमएमच्या आसपास एफ/५.६ च्या खाली उघडत नाही, म्हणजे त्याच जागी आयएसओ ३२०० लागेल. खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेलात की त्याहून बराच जास्त. फिफ्टी एफ/२.८ वर ठेवली तर १८-५५ पेक्षा चौपट उजेड आत घेते आणि पूर्ण उघडली तर जवळजवळ दहापट. पैसे वसूल होतात ते इथेच. रात्री ट्यूबच्या उजेडात १/१२५, एफ/२, आयएसओ १६०० वर शांत बसलेल्या बाळाचा चांगला फोटो येतो. किट लेन्सने त्या वेळी प्रयत्नही करू नये.

मोबाइल असताना हे सगळं कशाला, असा प्रश्न येतोच. भर दिवसा, व्हरांड्यात, मोबाइल पुरतो. पण कमी उजेडात मोबाइल एकापाठोपाठ बऱ्याच फ्रेम घेऊन त्या एकत्र करतो आणि तेवढ्यात हललेला हात पुसट होतो. पोर्ट्रेट मोडमधली मागची धूसरता हिशोबाने बनवलेली असते. बाळाच्या बारीक, विरळ जावळाच्या कडा तिला अजूनही नीट कापता येत नाहीत. डोक्याभोवती अर्धवट कापलेली कड दिसते. या लेन्सची धूसरता काचेतून आलेली असल्यामुळे जावळाचा एकेक केस उजेडात सुटा दिसतो.

एफ/१.८ का टाळावं

क्रॉप बॉडीवर, एक मीटर अंतरावर, एफ/१.८ ला फोकसच्या पुढे-मागे जेवढं अंतर स्पष्ट येतं (स्पष्ट खोली) ते एकूण अडीच सेंटिमीटरच्या थोडं वर असतं. म्हणजे फोकसच्या पुढे सव्वा सेंटिमीटर आणि मागे सव्वा. बाळाने मान जराशी वळवली की दूरचा डोळा जवळच्या डोळ्याच्या दोन-तीन सेंटिमीटर मागे जातो आणि तो धूसर होतो. नाकाचा शेंडाही जातो. झोपलेल्या बाळाच्या बाबतीत एकच पापणी, एकच कानाची पाळी ठसठशीत ठेवायची असेल तर हे सुंदर दिसतं. जागं बाळ असेल तर दहातल्या बहुतेक फोटोंत फोकस कानावर किंवा झबल्याच्या बंदावर सापडतो.

रांगणारं बाळ तुमच्याकडे सेकंदाला अर्धा मीटर वेगाने येतंय असं धरलं, तर फोकस लागून शटर उघडेपर्यंतच्या दहाव्या हिश्श्याच्या सेकंदात ते पाच सेंटिमीटर पुढे आलेलं असतं. अडीच सेंटिमीटरच्या पट्टीत ते कसं मावणार? लेन्स खराब आहे, फोकस पकडत नाही, अशा तक्रारींपैकी पुष्कळ तक्रारींचं मूळ या साध्या गणितात आहे.

उपाय दोन, आणि दोन्ही फुकट. पहिला म्हणजे एफ/२.८ वर या आणि अंतर दीड मीटर करा. स्पष्ट खोली नऊ सेंटिमीटरच्या आसपास जाते, अख्खा चेहरा त्यात बसतो, आणि मागची भिंत, कपाट, वाळत घातलेले कपडे तरीही पुरेसे विरघळतात. एफ/२.८ ला ही लेन्स एफ/१.८ पेक्षा स्पष्टपणे जास्त रेखीव आहे. पूर्ण उघडी ठेवली की खिडकीच्या गजांच्या आणि स्टीलच्या वाटीच्या कडांवर जांभळी-हिरवी झाक येते, तीही बरीच कमी होते. दुसरा उपाय म्हणजे बाळाच्या वाटेच्या समोर न बसता बाजूला बसा. आडवं जाणारं बाळ अंतर फारसं बदलत नाही, म्हणून फोकस टिकतो. समोरून येणारा फोटो हवाच असेल तर एफ/४ करा आणि आयएसओ वाढू द्या. दाणेदार फोटो चालतो, फोकस चुकलेला चालत नाही.

खोली छोटी, लेन्स लांब

क्रॉप बॉडीवर ५० एमएम ही ८० एमएमसारखी वागते, म्हणजे चौकटीत कमी भाग मावतो. वर्षाच्या बाळाची उंची साधारण पाऊण मीटर. डोक्यावर आणि पायाखाली थोडी जागा सोडून एक मीटर उंचीची उभी चौकट हवी असेल, तर तुम्हाला सव्वादोन मीटर, म्हणजे सात फुटांहून थोडं जास्त मागे जावं लागतं. दहा बाय दहाच्या खोलीत पलंग, कपाट आणि पाळणा यातून सात फूट मोकळे मिळतात का, हे लेन्स घेण्याआधी टेपने मोजून बघा. बऱ्याच घरांत पाठ भिंतीला टेकते आणि बाळाचे पाय कापले जातात. फुल फ्रेम बॉडीवर हेच अंतर एक मीटर चाळीस सेंटिमीटरवर येतं, म्हणून तिथे ही तक्रार नसते.

कॅननच्या क्रॉपवाल्यांना इथे खरी अडचण आहे. ईएफ-एस २४ एमएम एफ/२.८ एसटीएम ही १२५ ग्रॅमची चपटी लेन्स एक मीटरच्या थोडं वर अंतरातच ती उभी चौकट देते आणि सोळा सेंटिमीटरपर्यंत जवळ जाते. पण किट लेन्स २४ एमएमला साधारण एफ/४ ला असतेच, म्हणजे फायदा एका स्टॉपच्या (दुप्पट उजेडाच्या) आसपास. निकॉनवाले या बाबतीत सुखी आहेत. त्यांची २००९ पासूनची डीएक्स ३५ एमएम एफ/१.८ जी उजेडही देते आणि दीड मीटरमध्ये बाळ डोक्यापासून पायापर्यंत बसवते. कॅननची ३५ एमएम एफ/२ आयएस चांगली, पण ती फिफ्टीच्या किमतीच्या आसपासही नाही.

म्हणून आमचं मत असं की फिफ्टी घेतलीत तर १८-५५ विकू नका. चेहरा, हात, पाय, एकटं खेळणारं बाळ यासाठी फिफ्टी. आजीच्या मांडीवर बाळ आणि भोवती अख्खी खोली, यासाठी किट लेन्स, दिवसा, खिडकीजवळ.

जवळून काय मिळतं तेही सांगायला हवं. ही लेन्स सेन्सरपासून ३५ सेंटिमीटरपर्यंत फोकस करते आणि क्रॉप बॉडीवर तेव्हा साधारण साडेदहा बाय सात सेंटिमीटरचा भाग चौकटीत भरतो. नवजात बाळाचं पाऊल जेमतेम साडेसात-आठ सेंटिमीटर असतं. म्हणजे एक पाऊल, आईचं बोट आणि दुपट्याची घडी एवढं नेमकं मावतं. इतक्या जवळ एफ/४ ते एफ/५.६ करा, नाहीतर अंगठा स्पष्ट आणि करंगळी गायब. मुठीत धरलेल्या बोटाचाही हाच हिशोब. मिटलेल्या पापण्या भरून घ्यायच्या तर ही लेन्स कमी पडते. तिथे अगदी जवळून फोटो घेणारी मॅक्रो लेन्स लागते.

कॅमेऱ्यातली मांडणी

शटर प्रायोरिटी (शटर तुम्ही ठरवता, ॲपर्चर कॅमेरा) ठेवलीत तर उजेड कमी होताच कॅमेरा एफ/१.८ वर जातो आणि वरचा फोकसचा घोळ सुरू होतो. ॲपर्चर प्रायोरिटी (ॲपर्चर तुम्ही, शटर कॅमेरा) ठेवलीत तर शटर १/४० पर्यंत घसरतं. मुलांसाठी मॅन्युअल मोड आणि ऑटो आयएसओ ही जोडी सगळ्यात भरवशाची: १/२५०, एफ/२.८ पक्कं करा, ऑटो आयएसओची कमाल मर्यादा मेनूतून ३२०० करा, उरलेलं कॅमेरा बघेल. फोटो काळपट येऊ लागले की समजावं, मर्यादा संपली. मग बाळाला नव्हे, तर बाळाचं खेळणं खिडकीकडे सरकवा. बाळ आपणहून तिकडे जातं.

फोकस एआय सर्व्होवर (हलत्या वस्तूमागे फोकस फिरवणारी पद्धत) ठेवा आणि बिंदू एकच, मधला. १५००डी मध्ये नऊ बिंदू आहेत, पण खऱ्या अर्थाने भरवशाचा मधला एकटाच. सगळे नऊ चालू ठेवले तर कॅमेरा सगळ्यात जवळची वस्तू धरायला बघतो, आणि बाळाच्या बाबतीत ती बहुधा पुढे केलेली मूठ किंवा खुळखुळा असते. मधला बिंदू जवळच्या डोळ्यावर ठेवा, चौकट थोडी सैल ठेवा आणि नंतर कापा. चोवीस मेगापिक्सेलमधून निम्मं कापलं तरी घरातल्या अल्बमला पुष्कळ उरतं. एक बारकावा असा की फोकसचा बिंदू व्ह्यूफाइंडरमध्ये दिसतो त्यापेक्षा थोडा मोठा भाग वाचतो. गालावर ठसठशीत काजळाची तीट असेल तर तो डोळ्याऐवजी तिची कड धरू शकतो. अशा वेळी एफ/२.८ ची जास्तीची खोलीच वाचवते.

२००डी मार्क टू असेल तर व्ह्यूफाइंडर सोडून स्क्रीनवर फोटो काढायला लागा. ड्युअल पिक्सेल फोकस चेहरा आणि डोळा ओळखतो, स्क्रीन वळते, त्यामुळे कॅमेरा जमिनीवर टेकवून काम होतं. १५००डी मध्ये ही सोय नाही. तिचा लाइव्ह व्ह्यूमधला फोकस हलत्या मुलासाठी फार मंद आहे, तिथे डोळा व्ह्यूफाइंडरलाच लावावा आणि पोटावर झोपावं.

जमिनीवर उतरणं मात्र दोन्ही कॅमेऱ्यांना सक्तीचं. उभं राहून खाली वाकून काढलं की डोकं मोठं, पाय आखूड आणि पार्श्वभूमीला फक्त फरशी. लेन्स बाळाच्या डोळ्याच्या पातळीला आली की मागे खोलीची पूर्ण लांबी मिळते आणि ५० एमएम ती छान मऊ करते.

१५००डी सेकंदाला तीनच फोटो काढते. बटण दाबून धरलं की हवा तो क्षण दोन फ्रेमच्या मधल्या फटीत जातो, वर रॉमध्ये (कच्च्या, मोठ्या फाइलमध्ये) बफर, म्हणजे तात्पुरता साठा, लवकर भरतो आणि कॅमेरा थांबून राहतो. मुलांसाठी जेपीईजी ठेवा, आणि एकेक फोटो क्षण ओळखून काढा. हसण्याआधी भुवया वर जातात, उभं राहण्याआधी हात जमिनीवर दाबला जातो. या खुणांवर बोट तयार ठेवलं तर तीन फ्रेमही पुरतात.

उजेड, भिंती, चादरी

आपल्या खिडक्यांना ग्रिल असते. ऊन थेट आत आलं की तिच्या सावल्यांचे पट्टे बाळाच्या चेहऱ्यावर पडतात आणि कुठल्याही लेन्सने ते जात नाहीत. जुनी पांढरी मलमलची साडी किंवा धोतर एकपदरी लावा, उजेड एकसारखा होतो. खोलीतली ट्यूब बंद करा. खिडकीचा निळसर आणि ट्यूबचा हिरवट उजेड एकत्र आला की गालाचा एक भाग आजारी दिसतो. लाल, हिरव्या, भडक चादरीचा रंग हनुवटीखाली उमटतो. नवजात बाळाची त्वचा आधीच लालसर-पिवळसर असते, त्यात हा रंग मिसळला की नंतर काढणं कठीण. पांढरी किंवा फिक्या रंगाची चादर घाला. सावलीच्या बाजूला उजेड परतवायला थर्माकोलची शीट वापरायची सवय असते, ती सोडा. रांगणारं बाळ तिचा तुकडा तोडून तोंडात घालतं. पुठ्ठ्यावर चिकटवलेला पांढरा चार्ट पेपर तेच काम करतो.

स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. डोळ्याला कळत नाही, पण १/२५० च्या वर गेलं की एक फोटो उजळ, दुसरा काळपट, कधी चौकटीत आडवे पट्टे. असं दिसलं तर लेन्सला दोष देऊ नका. १/१०० वर या आणि बाळ शांत असतानाच काढा.

कॅमेऱ्यावरचा फ्लॅश थेट मारू नये. बाळ दचकतं, डोळे मिटतं आणि मागे कडक सावली पडते. वेगळा फ्लॅश असेल तर पांढऱ्या छताकडे वळवून, एफ/२.८ ते एफ/४ ला, बाळाच्या नजरेच्या रेषेबाहेरून.

वयाप्रमाणे लेन्स कशी बदलते

पहिल्या काही आठवड्यांत बाळाला साधारण वीस-तीस सेंटिमीटरवरचंच नीट दिसतं. दीड मीटरवर बसून तुम्ही कितीही हाका मारल्या तरी नजर मिळणार नाही. त्याऐवजी आईचा चेहरा बाळाच्या समोर असू द्या आणि तुम्ही बाजूने घ्या. फिफ्टीची लांबी इथे वरदान आहे, कारण तुम्हाला त्या दोघांच्या मधे घुसावं लागत नाही. वरून, बाळावर वाकून फोटो काढताना पट्टा गळ्यात किंवा मनगटाला गुंडाळलेला हवाच. लोंबता पट्टा, लेन्सचं सैल झाकण, खिशातली किल्ली, यातलं काहीही बाळावर पडता कामा नये. आणि हातांवर हनुवटी टेकवून झोपलेल्या नवजात बाळाचे जे फोटो दिसतात, ते बाळाचं डोकं कुणीतरी धरून काढलेले दोन फोटो जोडून केलेले असतात. घरी त्याची नक्कल अजिबात करू नका. त्या वयाच्या बाळाला मान धरता येत नाही.

सहा ते आठ आठवड्यांनी माणसाकडे बघून हसू येतं, तीन महिन्यांपर्यंत नजर वस्तूमागे फिरते. मग खुळखुळा लेन्सच्या अगदी वर धरा आणि एकदाच वाजवा. तीन-चारदा वाजवला की बाळाला त्याचं काही वाटत नाही, आणि बाजूला धरला तर सगळ्या फोटोंत नजर बाजूलाच. हाका एकानेच माराव्या. आजी, काका, मावशी सगळे एकदम बोलावू लागले की बाळ गोंधळतं आणि फोटोत तो गोंधळच येतो.

बसू लागलेलं बाळ, साधारण सहा महिन्यांपासून रांगेपर्यंत, हा या लेन्सचा सर्वोत्तम काळ. जागेवरून हलत नाही, दीड मीटर अंतर कायम राहतं, हात तोंडात, पाय तोंडात, सगळं चौकटीत बसतं. एकटी फिफ्टी घेऊन हे तीन-चार महिने निघतात.

रांगू लागलं की काच धोक्यात. बाळ थेट लेन्सकडे येतं, चिकट बोट काचेवर लावतं. पुसण्याआधी ब्लोअरने धूळ उडवा, मग मायक्रोफायबर. पदराने पुसू नका. बॅगेतल्या सिलिका जेलच्या पुड्या बाळाच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवा.

चालणाऱ्या मुलासाठी १/५००, आणि घरापेक्षा गच्ची किंवा अंगण. तिथे सात फुटांचा प्रश्न उरत नाही, संध्याकाळचा उजेड भरपूर असतो आणि हीच लेन्स खुलते. पडद्याआडून "भोऽक" करणारं कुणीतरी तुमच्या मागे उभं करा. मूल वाट बघतं त्या दोन सेकंदांत एका जागी असतं. फोटो तेव्हाच.

बारसं, उष्टावण, बोरन्हाण

बारशाला पाळण्याभोवती गर्दी आणि पिवळे दिवे. क्रॉपवर फिफ्टी लावून मागे सरायला जागा नसते. बाळाचा चेहरा आणि कानात नाव सांगणारी आत्या एवढंच या लेन्सने घ्यावं, बाकीचं दुसऱ्या कुणाच्या तरी मोबाइलवर सोपवावं. उष्टावणाला मामाच्या खांद्याच्या बाजूने बसा. चमचा आणि बाळाचं तोंड एकाच अंतरावर येतात, म्हणून एफ/२.८ ला दोन्ही स्पष्ट. समोरून काढलं तर चमचा स्पष्ट आणि चेहरा धूसर.

बोरन्हाणात दोन गोष्टी एकदम बिघडतात. काळं झबलं चौकट व्यापून असेल तर कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर ते उजळ करायला जातो, आणि चेहरा, हलव्याचे दागिने पांढरेफटक होतात. एक्स्पोजर दोन-तृतीयांश स्टॉप खाली घ्या. मॅन्युअलमध्ये ऑटो आयएसओ सोडून आयएसओ हाताने लावा, म्हणजे मीटर काय म्हणतो याने फरक पडत नाही. पांढऱ्या झबल्याला याच्या उलट, दोन-तृतीयांश वर. दुसरं, पडणारी बोरं. अर्धा मीटर उंचीवरून सोडलेलं बोर डोक्यापाशी सेकंदाला तीन मीटरच्या वर वेगाने येतं. १/५०० ला त्याची सहा मिलिमीटरची रेघ दिसते, म्हणजे बोर ओळखू येतं आणि पडतंय हेही कळतं. १/१००० ला ते जवळजवळ हवेत थांबतं. आम्हाला १/५०० जास्त आवडतं. चुरमुऱ्यांचा पाऊस त्यात जिवंत दिसतो. बोरं वेचायला पोरं झेपावली की मात्र फिफ्टीसमोर पाठीच पाठी येतात. त्या दोन मिनिटांसाठी किट लेन्स किंवा २४ एमएम आधीच लावून ठेवा.

बांधणी आणि जुनी घेताना

आधीची एफ/१.८ टू ही १९९० सालची लेन्स १३० ग्रॅमची, प्लास्टिकच्या माउंटची (कॅमेऱ्याला जोडणाऱ्या कडीची), पाच पाकळ्यांच्या ॲपर्चरची आणि ४५ सेंटिमीटरपर्यंतच जवळ जाणारी. तिच्या मोटरचा घरघराट झोपलेल्या बाळाजवळ ऐकू येतो. एसटीएममध्ये धातूचं माउंट, सात पाकळ्या, ३५ सेंटिमीटर आणि बऱ्यापैकी शांत फोकस. अगदी निःशब्द नाही, जवळून बारीक आवाज येतोच. जुनी कितीही स्वस्त मिळाली तरी या कामासाठी एसटीएमच घ्या. लेन्समध्ये स्टॅबिलायझर (हाताचा कंप सावरणारी यंत्रणा) नाही, पण आपण १/१०० च्या खाली जाणारच नसल्याने त्याचं दुःख नाही.

या लेन्सचं दुखणं म्हणजे पुढची आतली नळी. फोकस करताना ती बाहेर येते आणि बाहेर असताना धक्का लागला की यंत्रणा अडकते. ईएस-६८ हूड (लेन्सच्या पुढे बसणारं संरक्षक कडं) वेगळा विकत घ्यावा लागतो, पण तो न हलणाऱ्या बाहेरच्या अंगावर बसतो आणि धक्का स्वतःवर घेतो. रांगत्या बाळाच्या घरात हा हूड चैन नाही. फिल्टर ४९ एमएमचा, तो मात्र त्या हलत्या नळीवर बसतो, म्हणून जड किंवा जाड फिल्टर लावू नका. बॅगेत ठेवण्याआधी नळी आत घ्यायची असेल तर कॅमेरा चालू असतानाच, लांबच्या वस्तूवर फोकस करून घ्या. कॅमेरा बंद असताना रिंग फिरवून काही होत नाही, आणि नळी हाताने दाबून आत ढकलू नये.

मिररलेस (आतल्या आरशाशिवायचा, नव्या आरएफ लेन्सांचा) कॅमेरा घेतला असेल तर ईएफ-ईओएस आर अडॅप्टरवर हीच लेन्स पूर्ण चालते आणि डोळा ओळखणारा फोकस तिच्यात जीव आणतो. नव्याने घेणाऱ्याने थेट आरएफ ५० एमएम एफ/१.८ घ्यावी. वजन तेच १६० ग्रॅम, पण ३० सेंटिमीटरपर्यंत जवळ जाते. आर५० सारख्या क्रॉप बॉडीवर जागेचा प्रश्न मात्र तसाच. तिथे घर लहान असेल तर २०२३ मध्ये आलेली आरएफ २८ एमएम एफ/२.८ आधी बघा.

जुनी घ्यायची तर, मुंबईत बोरा बाजारातल्या कॅमेऱ्याच्या दुकानांत असो की कुणा ओळखीच्याकडून, बॉडी सोबत घेऊन जा. मोबाइलचा टॉर्च मागून मारून काच बघा. कोकणपट्टीतल्या दमट हवेत कपाटात पडून राहिलेल्या लेन्समध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी असते, ती असेल तर किंमत कमी करून मागू नका, सोडून द्या. मग कॅमेऱ्यावर लावून जवळ-लांब, जवळ-लांब असा आठ-दहा वेळा फोकस करा. नळी मधेच अडखळली, खरखर आवाज आला, तर ती कधीतरी पडलेली आहे. शेवटी छापील कागद टेबलावर तिरका ठेवून, एक मीटरवरून, एफ/१.८ ला, एका ओळीवर फोकस करून फोटो घ्या आणि स्क्रीनवर मोठा करून बघा. वेगळीच ओळ स्पष्ट आली तर १५००डी सारख्या बॉडीत ती चूक दुरुस्त करण्याची सोय नाही, आणि व्ह्यूफाइंडरमधून काढलेल्या प्रत्येक फोटोत बाळाचे डोळे तेवढेच चुकतील. दुसरी लेन्स मागा.